पाण्याची बाजू

सिद्राम मिस्त्रीनं आधी बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं,
बाजारात कलिंगड पारखतात तसं.
वर भरीव. कपाटामागे पोकळ.
मग प्लास्टरची खपली काढून
चक्क जिभेवर ठेवली.
"खारट हाय ताई. लई जुनी वल."

पाषाणच्या तळ्यापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर.
एकोणऐंशी सालचं, नऊ इंची विटांचं.
डिसेंबरात तळ्यावरून धुकं उठतं
आणि जलपर्णीचा कुजकट गारवा घेऊन
उत्तरेच्या खोलीत शिरतं,
भाडं न देणाऱ्या पोटभाडेकरूसारखं.

ती आप्पांची खोली.
आप्पा चौतीस वर्षं वेधशाळेत.
ओला बल्ब, कोरडा बल्ब,
दोन आकड्यांमधल्या फरकातून
हवेतलं पाणी मोजत आले रोज सकाळ-संध्याकाळ.
आणि स्वतःच्या खिडकीच्या फटी
जुन्या कॅलेंडरच्या पानांनी बुजवून
वर चिकटपट्टी मारून झोपतात.
"तळ्याची हवा. दुसरं काय?"
भिंतीला तीनदा ऑइलपेंट दिला.
तीनदा पापडासारखा फुगला,
हात लागला की गळायचा,
खाली काळे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे.

सिद्रामनं दुधाची पिशवी कापली, धुतली, पुसली,
तिचा चौकोन भिंतीवर लावला
आणि चारी कडांना टेप.
"दोन राती ऱ्हाऊ द्या.
भित्तीकडल्या अंगाला पानी धरलं तर भित्तीचं.
खोलीकडल्या अंगाला धरलं तर तुमचं."
"आमचं म्हणजे?"
"तुमच्या श्वासाचं. भाताच्या वाफंचं.
त्या दोरीवरल्या सोटरांचं."

आप्पा हसले. मफलर घट्ट केला.
वेधशाळेला कोण शिकवतंय बघा.

त्या दोन रात्री मला झोप नाही.
पलीकडे आप्पांचा खोकला,
निलगिरी घातलेल्या पातेल्याचं झाकण,
मग बराच वेळ नुसता श्वास,
आत, बाहेर,
आणि मी अंधारात हिशेब करत पडलेली,
एका म्हाताऱ्या माणसातून
रात्रभरात किती पाणी निघतं?
वाटीभर? तांब्याभर?

तिसऱ्या दिवशी सकाळी
पिशवीला दोन्ही बाजूंनी पाणी.
भिंतीकडे किंचित, रव्यासारखं.
खोलीकडे बोट ओढलं
तर ओघळ थेट टेपपर्यंत.

आप्पांनी चष्मा लावला. वाकले.
बराच वेळ वाकलेलेच.
मग डायरी मागितली.
*उत्तर भिंत. सहा चाळीस. बाहेर नऊ अंश.
भिंतीकडील बाजू : अल्प. खोलीकडील : भरपूर.*
खाली सही. नियमच तसा.

आणि स्टुलावर चढून, मला हात लावू न देता,
फटींतली पानं स्वतः उपसली.
एका पानावर आईचं अक्षर :
दूध बंद, तीन दिवस.
ते घडी करून खिशात.
बाकीची माझ्याकडे. "बंबात घाल."

आता ऑइलपेंट खरवडून झालाय.
बाहेरच्या भेगा भरल्यात, पागोळी वळवलीय,
गच्चीवर थर्माकोलच्या लाद्या, त्यावर कोबा.
आतून मात्र फक्त चुना.
"तिला नाक-तोंड ऱ्हाऊ द्या," सिद्राम म्हणतो,
"कोंडली की ती दुसरीकडं फुटती."
कपाट भिंतीपासून वीतभर पुढं.
खिडकी दुपारी बारा ते तीन, चार बोटं उघडी,
आणि त्या तीन तासांत आप्पा
कानटोपी घालून खुर्चीत,
ट्रेन चुकू नये म्हणून बसतात तसे.

भिंत वाळायला किती दिवस?
"इंचाला महिना धरा. घाई करू नका तिला."

जाताना सिद्राम पिशवीचा चौकोन काढायला गेला.
आप्पा आतून ओरडले,
"राहू दे तो!
रीडिंग घ्यायचंय अजून."